साइड स्टेप, दोन नग

नांदूरघाटच्या एका अंगणात मी गाडीच्या मधल्या सीटखाली डोकं घालून टॉर्चनं बघत होते, आणि बाहेर माझ्या पायांशी उभी राहून तीन माणसं यानंतर घ्यायच्या गाडीवर वाद घालत होती. "उंच पाह्यजे," त्यातला सगळ्यात भारदस्त आवाज म्हणाला. "आत बसलं की गाव खाली दिसलं पाह्यजे."

माझं काम गाड्या परत घ्यायचं. एकोणीस वर्षं मी एका लीजिंग कंपनीत इन्स्पेक्टर होते. लीज म्हणजे गाडी कंपनीची, वापर तुमचा, ठरलेली वर्षं संपली की परत. मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना अशी गाडी देतात. चार वर्षं झाली की माझ्यासारखी बाई येते, गाडी नखशिखांत बघते, रिपोर्ट लिहिते आणि गाडी घेऊन जाते. अधिकारी तेव्हाच पुढच्या चार वर्षांसाठी दुसरी निवडतो. एकदा सही झाली की ती गाडी मध्येच बदलता येत नाही. लोक म्हणतात, लग्नासारखं आहे हे. तसं काही नाही. लग्नात रुसून माहेरी तरी जाता येतं.

त्या घरचा अधिकारी होता सुधाकर. चाळिशीतला, ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत एरिया मॅनेजर, ऑफिस केजला. बायको केजलाच शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्या दिवशी घरी नव्हती. तिनं फक्त निरोप ठेवला होता, गाडी कोणतीही घ्या पण मागचा कॅमेरा असलेली घ्या. भारदस्त आवाज सुधाकरच्या वडिलांचा. भानुदासअण्णा, दोन वेळा सरपंच झालेले, सत्तरी ओलांडलेली, धोतर असं पांढरं की त्याच्यापुढं गाडीचा पांढरा रंग मळकट वाटावा. तिसरा होता बीडच्या शोरूमचा सेल्समन, सय्यदभाई. सुधाकरच्या ग्रेडला बसणाऱ्या यादीतून दोन एसयूव्ही निवडून त्यानं दाखवायला आणल्या होत्या. एक त्यानं स्वतः चालवत आणली, दुसरी त्याच्या ड्रायव्हरनं. मांजरसुंब्याला चहाला थांबले होते, तेवढ्यात दोन माणसांनी उंच गाडीची चौकशी केली, असं तो अण्णांना दोनदा सांगून बसला होता.

उंच ती काळी. तिच्याखाली ट्रकसारखी लोखंडी चौकट असते, तिच्यावर बॉडी बसवतात, म्हणून ती उंच आणि रांगडी. दुसरी राखाडी रंगाची. तिची चौकट आणि बॉडी एकच, म्हणून ती जमिनीला जरा जवळ. सीटा दोन्हींत सात. अण्णांनी राखाडीकडं एकदाच बघितलं होतं आणि म्हणाले होते, "ही मास्तराची गाडी हाय." सुधाकरची बायको मास्तरीण आहे, हे त्यांच्या ध्यानात नसावं. किंवा असावंही.

फॉर्म संध्याकाळपर्यंत कंपनीच्या एचआरला जायला हवा होता. काळीचं जवळजवळ ठरलेलंच होतं. नव्या गाडीत आमच्यासारख्यांनी नाक खुपसायचं नाही, असा आमचा नियम. मी माझ्या जुन्या गाडीशी इमान राखून टॉर्च फिरवत होते.

परत येणारी गाडी खूप बोलते. घरचे लोक सर्व्हिसिंग करून, धुऊन, पॉलिश मारून समोर उभी करतात, पण चार वर्षांचा वापर पॉलिशनं जात नाही. 'फेअर वेअर अँड टेअर' असा आमचा शब्द आहे. म्हणजे वापरानं होणारी साधी झीज. ती माफ असते. त्यापलीकडचं काही असेल तर मी लिहायचं. स्टिअरिंगची चकाकी, पेडलचं रबर, सीटचा दबलेला कोपरा यांवरून त्या घरात कोण कुठं बसतं ते मी न विचारता सांगू शकते. या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारची सीट पुरती एका माणसाच्या आकाराची झाली होती. ते अण्णा. तिसऱ्या रांगेत बिस्किटांचा चुरा. ती नातवंडं. मधली रांग मात्र उजवीकडं वापरलेली आणि डावीकडं अर्धवट वापरून सोडून दिल्यासारखी.

डाव्या मागच्या दाराच्या वर छताला धरायचं कडं असतं. ते एका बाजूनं उखडून लोंबत होतं. मी सुधाकरला विचारलं.

"पोरं लोंबकळतात, मॅडम," तो म्हणाला.

पोरं लोंबकळली तर कडं पुढं-मागं हलून ढिलं होतं. हे खाली आणि बाहेर ओढलं गेलं होतं. मोठ्या माणसाचा भार, जमिनीवरून वर चढताना. त्याच दाराच्या उंबऱ्यावर प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यावर बारीक बारीक ओरखडे होते, जोडीजोडीनं, सगळे एकाच जागी. बुटाचे ओरखडे रुंद असतात. हे काय आहे ते मला पाच मिनिटं कळेना. मग माझ्याच पायाकडं लक्ष गेलं. जोडवी.

आमच्याकडच्या जुन्या बायका गाडीत चढताना चपला बाहेर काढतात, किंवा काढून हातात घेतात. माझी आईसुद्धा रिक्षात असंच करायची. कितीदा सांगितलं तरी ऐकायची नाही. म्हणजे इथं एक बाई अनवाणी, जोडवी घातलेला पाय उंबऱ्यावर टेकवून, वरचं कडं ओढून चढत होती. बराच काळ. आणि मग चढायची थांबली, कारण ओरखड्यांवर धूळ बसून ते जुने झाले होते.

"इथं कोण बसायचं?"

"आई. पण आता न्हाई बसत. गाडी लागती तिला. उलट्या होतात म्हणती. आठ-नऊ महिने झाले, कुठंच येत न्हाई."

"आधी लागायची?"

सुधाकरनं जरा विचार केला. "न्हाई. आत्ताच लागाय लागली. वय झालं."

मी हूं म्हटलं आणि डिलिव्हरी शीट काढली. गाडी पहिल्यांदा देताना तिच्यात काय काय होतं त्याची ती यादी. स्टेपनी, जॅक, मॅट, सगळ्यांवर टिक करत खाली आले. शेवटून तिसरी ओळ: साइड स्टेप, दोन नग. साइड स्टेप म्हणजे दाराखालचं पायदान. उंच गाडीत चढताना आधी पाय तिथं ठेवायचा. गाडीखाली वाकून बघितलं, तर दोन्ही बाजूंना बोल्टची नुसती भोकं.

"साइड स्टेप कुठं आहेत?"

सुधाकर वडिलांकडं बघायला लागला. अण्णांनी घसा साफ केला.

"म्या काढाय लावल्या. गेल्या वर्षी."

"का?"

"ताई, तुमी केजच्या स्टँडवर काळीपिवळी जीप बघितली का? त्यांच्या पायदानावर माणसं लोंबतात, दहा-दहा. आमी गाडी घेऊन पाराशी थांबलो की पोरं म्हणायची, अण्णा, केज केज, दोन सीट. चेष्टाच करायची, बरं का. पण मला ते काही सोसलं न्हाई."

सय्यदभाईंनी मान हलवून सहानुभूती दाखवली. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की हा माणूस खोटं बोलत नाही. एकोणीस वर्षांत मी साइड स्टेप हरवल्याची कारणं ऐकली आहेत. चोरांपासून माकडांपर्यंत.

"आता कुठं आहेत? असतील तर परत घ्याव्या लागतील. नसतील तर मिसिंग लिहीन."

"मागं पडल्या असतील गोठ्याकडं. सुदाकर, दाखीव मॅडमला." पण तेवढ्यात सुधाकरचा ऑफिसचा फोन आला, आणि मी म्हटलं, मीच बघते.

घराला वळसा घालून मागं गेले. एक पायदान गोठ्यात सापडलं, वैरणीच्या पेंढ्यांमागं भिंतीला टेकवलेलं, मळलेलं पण धड. दुसरं दिसेना. मी परत फिरले, तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारात थांबले. ते दार जमिनीपासून चांगलं गुडघाभर उंच होतं. घर बांधताना पायरी करायची राहिली असावी, किंवा मागच्या दाराला कशाला पायरी असं कुणीतरी म्हटलं असावं. त्या दारासमोर दोन सपाट दगड मांडले होते, आणि दगडांवर माझं पायदान. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर रबराच्या नक्षीच्या गोळ्या. मधल्या गोळ्या झिजून गुळगुळीत झालेल्या.

दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. मी कोण ते त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी आधी पायदानाकडं आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं.

"न्यायचं हाय का हे?" त्या म्हणाल्या. सोजरबाई, सुधाकरची आई.

मी म्हटलं, यादीत आहे म्हणून बघायला आले. बसू का? त्यांनी सूप बाजूला केलं. मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. माझेही गुडघे काही सोन्याचे नाहीत, त्यामुळे बसताना तोंडातून आवाज निघाला. तो ऐकून त्या हसल्या. दोन बायकांच्या गुडघ्यांची ओळख झाली की बाकीची ओळख लवकर होते.

दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं, तेही मी काही फारसं न विचारता. गाडी त्यांना कधीच लागत नव्हती. गाडी लई आवडायची. पायदान होतं तोवर त्या सगळीकडं जायच्या. बाजाराला, लग्नांना, आणि दर पंधरवड्याला केजला, थोरल्या बहिणीकडं. अक्का. आईमागं अक्कानंच त्यांना वाढवलं. पायदान निघालं तेव्हा त्यांनी काही महिने घरून पाट नेला. पाट खाली ठेवायचा, चढायचं, मग सुधाकर पाट डिकीत टाकायचा. कधी पाट विसरायचा. मग कडं धरून वर ओढून घ्यायचं. गुडघा वाकत नाही, लुगडं वर घ्यावं लागतं, आणि चारचौघांत लुगडं गुडघ्यापर्यंत कसं घ्यायचं?

मग केजला एका लग्नात मंडपाच्या बाहेर गाडी आली. अण्णा अजून आत मंडपात, बाहेर त्यांची दहा-बारा माणसं उभी. पाट नव्हता. त्यांनी एकदा पाय उचलला, जमलं नाही. दुसऱ्यांदा उचलला, जमलं नाही. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी दोघांनी दंडाला धरलं आणि उचलून आत सरकवलं.

"पोत्यावानी," सोजरबाई म्हणाल्या. "पोरं चांगली हायत ती. चांगल्या मनानंच केलं. पण मी बाई हाय न्हाई का."

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, मला गाडी लागते. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. एसटीची पायरी त्याहून उंच, आणि वडापच्या जीपमध्ये सरपंचाच्या बायकोनं बसायचं नाही, असं कुणी म्हटलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. दरम्यान अक्काला अर्धांगवायू झाला. आता ती केजला अंथरुणावर आहे. सुधाकर येता-जाता बघून येतो. सोजरबाई फोनवर बोलतात. पण अक्काचा आवाज आता फोनवर समजत नाही.

"आता काळी गाडी येणार म्हनं. ह्याच्याहून उच्ची."

"तसं ठरतंय."

"किती वर्सं ऱ्हाते?"

"चार."

त्यांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "चार वर्सं अक्का थांबती व्हय?"

मी म्हटलं, घरात सांगा ना. अजून सही झालेली नाही. तर त्या एकदम घाबरल्या. नको. ह्यांनी पायदान काढलं ते लोकांच्या हसण्याला भिऊन, आता मी म्हटलं की तुमच्यामुळं माझे असे हाल झाले, तर ते मनाला लावून घेतील. मानी माणूस आहे. तुम्ही माझ्या नावानं काही सांगू नका. शपथ घालायलाच निघाल्या होत्या.

"मी काहीही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण जे दिसलं ते रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. माझी नोकरीच ती आहे."

"लिव्हा की," सोजरबाई निर्धास्तपणे म्हणाल्या. "ते कोण वाचतंय?"

आता इथं माझी एक खोड सांगायला हवी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका साहेबांनी माझ्या रिपोर्टवर न वाचता सही केली आणि नंतर वर्षभर मला पत्रं लिहिली, की हे मला कुणी दाखवलंच नाही. तेव्हापासून मी नियम केला. रिपोर्ट मी लिहायचा, आणि सही करणाऱ्यानं प्रत्येक शेरा माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचा. शाळेतल्यासारखा. कलेक्टर ऑफिसात वाचायला लावलं आहे मी. लोक चिडतात, पण वाचतात.

ओसरीवर बाजेवर बसून मी रिपोर्ट पुरा केला. शेरे लिहिताना मनाचं काही घालायचं नाही, नुसतं दिसलेलं लिहायचं, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. त्या दिवशी मी ते अगदी तंतोतंत पाळलं. अण्णा खुर्चीवर, सय्यदभाई फॉर्म आणि पेन घेऊन तयार, सोजरबाई आतल्या दाराशी चहाचे कप घेऊन. सुधाकर उभ्यानं वाचू लागला. बंपरवर एक ओरखडा. टायर ठीक. स्टेपनी आहे.

"मागचं डावं दार, छताचं कडं बाहेरच्या बाजूनं उखडलेलं. कारण, मोठ्या व्यक्तीनं वर चढताना धरून ओढल्यानं." तो जरा थांबला. "त्याच दाराच्या उंबऱ्यावर जोडव्यांचे ओरखडे. जुने. अंदाजे आठ-नऊ महिन्यांत नवीन नाहीत."

"वाचा पुढं," मी म्हटलं.

"साइड स्टेप, दोन नग. उजवी, गोठ्यात सापडली. डावी..." त्याचा आवाज खाली आला. "डावी, घराच्या मागच्या दाराशी, दोन दगडांवर पायरी म्हणून वापरात. रबर पायाच्या वापरानं झिजलेलं. वापरणारी व्यक्ती, लीजधारकाची आई."

बरं, यात मी काय सांगितलं? काही नाही. पण सय्यदभाईंनी पेनाचं टोपण लावलं. सुधाकरनं ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली, मी त्याचे ओठ बघत होते. मग तो वळून आईकडं बघायला लागला. हुशार मुलगा होता. गाडी कधीपासून लागायला लागली आणि पायदान कधी निघालं, हे त्याचं त्यानंच जुळवलं.

"आई," तो म्हणाला, "तुला गाडी लागती का?"

सोजरबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी कागदाकडं बघायला लागले.

"लागती की," त्या म्हणाल्या. पण खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस दुसऱ्यांदा तेच खोटं बोलतं तेव्हा लगेच कळतं. अण्णांनाही कळलं. ते उठले, घरातून आरपार मागच्या दारापर्यंत गेले. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. दारात उभं राहून ते खाली त्या पट्टीकडं बघत होते. रोज त्याच घरात राहून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती, कारण मागच्या दारानं पुरुषमाणूस जात नाही.

ते परत आले आणि बायकोसमोर उभे राहिले.

"कावून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी पायदान लावलं असतं," सोजरबाई म्हणाल्या. "मग पारावर पुन्ना हसले असते. माज्या पायापाई तुमाला खाली मान घालाय लावायची व्हती का म्या?"

अण्णा खुर्चीवर बसले. मी त्या माणसाबद्दल सकाळपासून मनात बरंच काही बोलून घेतलं होतं, ते सगळं मागं घेतलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोघांनी एकट्या अण्णांची अब्रू राखण्यात आठ-नऊ महिने घालवले होते, आणि तिकडं केजला एक म्हातारी अंथरुणावर वाट बघत होती.

थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "सय्यद, काळीला पायदान बसतंय का?"

"बसतं की अण्णा. उद्या बसवून देतो."

नियमाप्रमाणं मी गप्प बसायला हवं होतं. इतकी वर्षं बसले होते. पण मला ठाऊक होतं, की पायदानानं एक मोठी चढण दोन लहान चढणींत वाटली जाते, एवढंच. सोजरबाईंचा गुडघा वर्षभरात आणखी आखडला होता. पायदान लावलेली काळी गाडी येईल, सगळ्यांना बरं वाटेल, आणि महिन्याभरात बाईंना पुन्हा गाडी लागायला लागेल.

"अण्णा," मी म्हटलं, "सहीआधी त्यांना बसवून बघा. दोन्हींत."

काळीत जमलं नाही. मी खाली त्यांचा घरातला पाट ठेवला, सगळ्या पुरुषांना अंगणाच्या कडेला तोंड फिरवून उभं केलं, तरी जमलं नाही. राखाडीच्या मागच्या दारातून त्या कशाबशा शिरल्या, पण उतरताना पाय खाली पोचेना.

मग मी टेप काढली. आमच्या धंद्यात 'हिप पॉइंट' म्हणतात. म्हणजे माणूस बसल्यावर त्याचं कंबरेचं हाड जिथं येतं, ती उंची. म्हाताऱ्या माणसाला गाडीत वर चढावं लागू नये आणि खड्ड्यात बसल्यासारखं खालीही उतरावं लागू नये. नुसतं बाजेवर बसतात तसं आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय आत फिरवायचे. सोजरबाई ज्या बाजेवर विनासायास बसत-उठत होत्या तिची उंची मी मोजली. मग राखाडीच्या सगळ्या सीटा मोजल्या. मागची जास्त उंच, शिवाय दार अर्धंच उघडतं. पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची, बाजेपेक्षा चार बोटंच वर. दारही ऐसपैस उघडत होतं. सय्यदभाईंनी सीटचा खटका दाबून ती आणखी खाली घेतली.

"इथं बसून बघा," मी म्हटलं.

सोजरबाई जागच्या हलल्या नाहीत. ती अण्णांची सीट होती. गाडी कुठलीही असो, पुढं अण्णा बसायचे, मागं बाकीचे. पारावरची माणसं हात जोडायची ते त्या सीटकडं बघून. नवऱ्याला मागं बसवून बायको पुढं, हे त्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं, आणि त्या घरात तर बोलायचीही सोय नव्हती. सुधाकरला ते कळलं. तो जमिनीकडं बघत होता.

अण्णांनी पुढचं दार आणखी उघडलं आणि हातानं धरून ठेवलं.

"बस."

सोजरबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. पाठ करून उभ्या राहिल्या. बूड टेकलं, पदर सावरला, एक पाय आत, दुसरा पाय आत. लुगडं घोट्याच्या वर गेलं नाही. सगळ्याला पाच-सहा सेकंद लागले असतील. त्या समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. पुढच्या सीटवरून अंगण कसं दिसतं ते त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"टेस्ट ड्राइव्ह कुठपर्यंत देता?" अण्णांनी विचारलं.

"फाट्यापर्यंत, अण्णा."

"केजपर्यंत दे."

सुधाकर चालवायला बसला, त्याच्या शेजारी आई, मागं अण्णा आणि सय्यदभाई. मला जुनी गाडी लातूर रोडच्या यार्डात टाकायची होती, रस्ता केजवरूनच. मी मागून निघाले. त्यामुळं पुढचं मी स्वतः बघितलं.

पाराशी गाडी हळू झाली. बसलेल्या माणसांनी सवयीनं पुढच्या सीटकडं बघून हात जोडले, आणि हात जोडलेलेच राहिले. सोजरबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि हात जोडून नमस्काराला नमस्कार केला. मागच्या काचेतून अण्णा दिसत होते. त्यांनी बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "केज केज. दोन सीट." पार हसून हसून लोळला, आणि त्यात अण्णाही होते.

केजला अक्काच्या गल्लीत गाडी थांबली. सोजरबाईंनी दोन्ही पाय बाहेर फिरवले, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि सरळ चालू लागल्या. कुणाची वाट बघितली नाही. चपला गाडीतच राहिल्या होत्या. दुपारच्या तापलेल्या फरशीवरून ती बाई अनवाणी बहिणीच्या दाराकडं निघाली होती. मग मागचं दार उघडून अण्णा उतरले. त्यांनी पुढच्या सीटखालून चपला काढल्या, एका हातात त्या, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, आणि दोन वेळचा सरपंच भर गल्लीतून बायकोच्या मागं लगबगीनं गेला. "अगं, पाय भाजतील," एवढं मला ऐकू आलं. आतलं मी काही बघितलं नाही. ते बघायचा मला हक्कही नव्हता. फक्त एका बाईचं, शब्द न कळणारं, मोठ्यानं रडणं ऐकू आलं आणि त्यावर सोजरबाईंचा आवाज, "आले की गं अक्का, आले."

मी गाडीत बसून डोळे पुसले. गाडी परत घेताना रडायची आमच्याकडं पद्धत नाही, पण कुणी बघत नव्हतं.

फॉर्म त्याच दिवशी गेला. राखाडी, मागच्या कॅमेऱ्यासकट. सुधाकरचा पुढं एकदा फोन आला, अक्का गेल्याचं सांगायला. पाच महिने मिळाले, म्हणाला. आई दर आठवड्याला जायची. अण्णा आता मागंच बसतात, आणि मागं पाय पसरायला जागा जास्त आहे, ही गोष्ट आपण आधीच ओळखली होती असं सांगतात.

निवृत्त झाल्यापासून लोक मला विचारतात, कोणती गाडी घेऊ? इंजिन, मायलेज, सनरूफ, काय बघू? मी सांगते, ते सगळं नंतर. आधी घरात कोण गाडीत बसत नाही ते बघा, आणि ते माणूस सांगेल त्या कारणावर विश्वास ठेवू नका.

त्या गाडीचा रिपोर्ट मी निघायच्या आधीच बंद केला होता. बंद करताना फक्त एका ओळीत दुरुस्ती केली, सुधाकरकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि सही घेतली. साइड स्टेप, दोन नग. एक परत मिळाली. एक वापरात आहे.